चारोळी घरी कशी फोडावी आणि पावसाळ्यातून कशी टिकवावी

नागपूरच्या इतवारीतल्या किराणा दुकानांत चारोळीचा भाव किलोला हजार रुपयांच्या बराच वर असतो आणि तो ऐकून बहुतेक गिऱ्हाइके पन्नास-शंभर ग्रॅमची पुडी घेऊन परततात. या भावात झाडाचा वाटा थोडा आणि माणसाच्या हातांचा वाटा मोठा असतो, कारण फळ वेचणे, त्याचा गर काढणे, बी वाळवणे, ते टणक बी दाणा न मोडता फोडणे आणि शेवटी टरफलाचे बारीक तुकडे वेगळे करणे ही सारी कामे सावकाश आणि लक्ष देऊन करावी लागतात. ज्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चाराचे (चारोळीचे) झाड आहे, किंवा ज्यांना उन्हाळ्यात रामटेक, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून न फोडलेले बी विकत मिळू शकते, त्यांना हे काम घरी करता येते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मात्र प्रत्येक टप्प्यावर बियातल्या पाण्याचे आणि तेलाचे काय चालले आहे, हे समजून घ्यावे लागते. चारोळी फोडताना बिघडली असे आपण म्हणतो, तेव्हा ती बहुतेक वेळा वाळवतानाच बिघडलेली असते.

चाराचे झाड, म्हणजे शास्त्रीय भाषेत बुचनॅनिया लॅन्झान, हे आंबा, काजू, पिस्ता आणि बिब्बा यांच्या कुळातले आहे. मध्य भारतातल्या पानझडी जंगलांत ते सहज आढळते आणि त्याची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल दुरूनही ओळखू येते. कुळाचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे, कारण काजू किंवा पिस्ता ज्यांना सोसत नाही, अंगावर पित्त उठते किंवा घसा सुजतो, अशांनी चारोळीबाबतही सावध राहावे आणि फोडण्याच्या कामात तर मुळीच बसू नये.

फळ कोठून आणावे, याबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. पेंचसारख्या व्याघ्र प्रकल्पातून, अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून सहलीला गेलेल्या शहरी माणसाने चाराची फळे तोडून आणणे योग्य नाही आणि कायदेशीरही नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क तेथे परंपरेने राहणाऱ्या आदिवासी व इतर वननिवासी कुटुंबांना दिलेला आहे, आणि चारोळी हे त्यांतले चांगले पैसे देणारे वनोपज आहे. त्यामुळे स्वतःचे झाड नसेल, तर वेचणाऱ्यांकडूनच फळ किंवा बी विकत घ्यावे. बी घेतल्यास पुढचे पहिले दोन टप्पे वाचतात. पण ते केव्हा तोडले आणि कसे वाळवले, हे आपल्याला कळत नाही, ही त्यातली अडचण आहे.

चाराला जानेवारी ते मार्चच्या दरम्यान पांढरट हिरवा फुलोरा येतो आणि फळे साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. फळ जेमतेम एक सेंटिमीटरचे असते. कच्चे असताना ते हिरवे असते, आणि पिकताना जांभळट होत होत जवळजवळ काळे पडते. एका घोसातली सारी फळे एकाच दिवशी पिकत नाहीत आणि नेमकी हीच गोष्ट घाईत विसरली जाते. बियातला दाणा आकाराने लवकर पूर्ण होतो, पण त्यात तेल आणि प्रथिने भरण्याचे काम शेवटच्या काही आठवड्यांत चालते. हिरवे फळ तोडले, तर आतला दाणा बाहेरून पूर्ण दिसतो. मात्र वाळला की सुरकुततो, त्याला चव राहत नाही आणि फोडताना त्याचा भुगा होतो. जंगलात दुसऱ्याने आधी तोडू नये म्हणून कच्चेच फळ ओरबाडले जाते, त्यामागे पोटाची निकड असते. परंतु आपल्या धुऱ्यावरच्या झाडाला अशी कोणतीच घाई नसते.

म्हणून झाडाखाली जुनी चादर किंवा ताडपत्री पसरावी, फांदी हलक्या हाताने हलवावी आणि जे सहज गळेल तेवढेच घ्यावे. चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच करावे. लांब बांबूच्या आकड्याने फांदी खाली ओढण्यास हरकत नाही, पण फांदी तोडू नये, कारण तोडलेल्या फांदीबरोबर पुढच्या हंगामातला फुलोराही जातो. जमिनीवर आधीपासून पडलेली फळे वेगळ्या टोपलीत ठेवावीत. त्यांना बुरशी किंवा कीड लागलेली असण्याचा संभव अधिक असतो.

घरी आणलेल्या फळाचा गर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काढावा. गर आंबटगोड असतो आणि मुले तो आवडीने खातात, पण त्यातली साखर उन्हाळ्याच्या उष्णतेत काही तासांत आंबू लागते. फळांचा ढीग घालून ठेवला तर ढिगाच्या आत ऊब धरते, बुरशी वाढते आणि तिचा वास बियाच्या सांध्यातून आत उतरतो. फळे रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावीत, सकाळी गोणपाटावर घेऊन तळहाताने चोळावीत आणि साल व गर सुटला की दोन-तीन पाण्यांनी धुवावीत. एका रात्रीपेक्षा जास्त भिजवण्याने काहीच साधत नाही. उलट पाणी आंबते.

शेवटच्या पाण्यात एक उपयुक्त परीक्षा आपोआप होते. भरलेला दाणा असलेले बी तळाशी बसते, आणि पोकळ, किडके किंवा अर्धवट भरलेले बी वर तरंगते. तरंगणारे बी सरळ काढून टाकावे. टोपलीभर बी असेल, तर अशा रीतीने निघणारा पसाभर कचरा पुढे फोडण्याचे आणि निवडण्याचे बरेच श्रम वाचवतो, आणि पोकळ बियातल्या किडीला डब्यात शिरण्याची संधी मिळत नाही.

यानंतर वाळवणे येते आणि या लेखाचा खरा विषय हाच आहे. वाळवणे म्हणजे केवळ वरचे पाणी उडवणे नव्हे. कोणतेही बी भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण सतत करत असते. हवा कोरडी असेल तर बियातला ओलावा बाहेर जातो, हवा दमट असेल तर बाहेरचा ओलावा बियात येतो, आणि काही दिवसांनी दोन्हींचा तोल जमतो. मे महिन्यात नागपुरात कमाल तापमान ४२ अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या जवळ उतरते. अशा हवेत बी उत्तम वाळते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि मे महिन्यात खडखडीत वाळवलेले बी उघड्या टोपलीत राहिले, तर ते पुन्हा ओलावा ओढून घेते. याचा अर्थ असा, की वाळवण्याइतकेच वाळल्यावर लगेच हवाबंद करणे महत्त्वाचे आहे. विदर्भात २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो. त्या नऊ दिवसांत वाळवण पूर्ण करून, मृगाचा पहिला पाऊस पडायच्या आत डबे बंद झाले पाहिजेत, असा हिशेब ठेवावा.

ऊन कडक आहे म्हणून बी थेट गच्चीच्या सिमेंटवर पसरण्याचा मोह होतो. तो टाळावा. दुपारी सिमेंटची पृष्ठभागी उष्णता हवेपेक्षा कितीतरी अधिक असते, आणि तेलाने भरलेल्या दाण्याला एवढी उष्णता सोसत नाही. दाणा पिवळा पडतो आणि खवटपणाची सुरुवात तेथेच होते. खाटेवर किंवा बांबूच्या तट्ट्यावर सुती कापड अंथरून, बी एकाच थरात पसरावे, म्हणजे खालूनही हवा खेळते. सकाळचे ऊन पूर्ण द्यावे, भर दुपारी वर पातळ धोतर किंवा ओढणी टाकावी, दिवसातून दोन-तीनदा हात फिरवावा आणि संध्याकाळी आत घ्यावे, कारण वळवाची सर सांगून येत नाही. खारींनाही या वाळवणाची फार लवकर बातमी लागते, त्यामुळे जाळीचे झाकण असल्यास उत्तम.

बी पुरेसे वाळले हे ओळखण्याची साधी रीत अशी आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर शंभर ग्रॅम बी मोजून सैल विणीच्या पिशवीत बांधावे आणि बाकीच्या बियांबरोबरच वाळत ठेवावे. रोज एकाच वेळी पिशवीचे वजन करावे. सुरुवातीला ते झपाट्याने उतरते, नंतर सावकाश, आणि लागोपाठ दोन दिवस वजन तेच राहिले, की त्या हवेत बी आणखी वाळणार नाही, असे समजावे. काटा नसल्यास चार-पाच बिया फोडून आतला दाणा नखाने मोडून पाहावा. तो वाकला किंवा दबला, तर अजून ओला आहे. कट् असा तुटला, तर वाळला आहे. वाळताना दाणा किंचित आक्रसतो आणि टरफलाच्या आतल्या भिंतीपासून सुटतो. ओले बी फोडल्यावर दाणा टरफलाला चिकटून त्याचे तुकडे होतात, त्याचे कारण हेच आहे.

मात्र येथे एक पेच आहे. फार कोरडा दाणा टरफलापासून सुटतो खरा, पण तो ठिसूळही होतो आणि आघाताने फुटतो. उत्तर अमेरिकेतला काळा अक्रोड घरी फोडणाऱ्यांना हीच अडचण येते. त्या अक्रोडाचे कवच आपल्याकडे येणाऱ्या काश्मिरी अक्रोडापेक्षा कितीतरी जाड असते, आणि त्याच्या हिरव्या सालीचा रस हाताला लागला तर काळपट तपकिरी डाग अनेक दिवस जात नाहीत. ते लोक साल लवकर काढतात, अक्रोड काही आठवडे सावलीत वाळवतात, आणि फोडण्याच्या थोडे आधी पुन्हा पाण्यात भिजवतात, जेणेकरून दाण्याला लवचिकपणा येऊन तो अख्खा निघावा. फोडून झाल्यावर दाणा पुन्हा वाळवतात. चारोळीचे बी लहान असल्याने तिला भिजवण्याची गरज नसते, पण तत्त्व तेच लागू पडते. नवतपातल्या हवेत वाळलेल्या बियांचे फार तुकडे होत असतील, तर एका वेळी फोडता येईल एवढेच बी ओलसर, घट्ट पिळलेल्या कापडात रात्रभर बांधून ठेवावे आणि सकाळी आधी मूठभर फोडून पाहावे. अख्खे दाणे वाढले, तर तसेच पुढे जावे. दाणे टरफलाला चिकटू लागले, तर ओलावा जास्त झाला आहे.

चारोळीचे बी दोन्ही बाजूंनी फुगीर आणि कडेला निमुळते असते, आणि त्याचे टरफल दोन शकलांचे बनलेले असून त्यांचा सांधा कडेने फिरतो. म्हणून आघात फुगीर पोटावर झाला, तर टरफलाबरोबर दाणाही चिरडतो, आणि कडेवर झाला, तर सांधा उकलून दाणा मोकळा होतो. एक-एक बी चिमटीत उभे धरून फोडणारा माणूस हे सहज साधतो. पण किलोभर बी असे फोडणे कोणाच्याही आवाक्यातले नाही, आणि त्यासाठी जुन्या घरांतले जाते पुन्हा उपयोगी पडते.

जात्यात फोडण्यापूर्वी बी चाळून त्याचे लहान, मध्यम आणि मोठे असे तीन भाग करावेत. ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणून गाळली जाते, परंतु अख्ख्या दाण्यांचे प्रमाण सर्वांत अधिक हिच्यावरच अवलंबून असते. जात्याच्या दोन तळ्यांमधली फट बियाच्या जाडीपेक्षा थोडी कमी आणि आतल्या दाण्याच्या जाडीपेक्षा थोडी अधिक असली, तरच टरफल फुटते आणि दाणा वाचतो. लहान-मोठे बी एकत्र घातले, तर त्या एकाच फटीत मोठ्यांचे पीठ होते आणि लहान तसेच निसटते. मधल्या खिळीभोवती कापडाची चुंबळ घालून वरची तळी किंचित उचलावी. हरभऱ्याची डाळ भरडण्यासाठी हेच केले जाते, मात्र येथे तळी त्याहून अधिक वर हवी. मूठभर बी घालून सावकाश फिरवावे आणि बाहेर काय पडते ते पाहून चुंबळीची जाडी कमी-जास्त करावी. बऱ्याच बिया न फुटता बाहेर आल्या तरी चालेल, त्या पुन्हा घालता येतात. चिरडलेला दाणा मात्र परत जुळत नाही. प्रत्येक आकाराच्या भागासाठी ही जुळवाजुळव नव्याने करावी.

घरी जाते नसल्यास बी जाडसर कापडाच्या दोन पदरांत एका थरात ठेवून, पाट्यावर वरवंटा दाबून फिरवता येतो. पाव किलोपर्यंत ही रीत पुरते. खलबत्त्यात मात्र एका वेळी थोड्याच बिया घालाव्यात, कारण फुटलेला दाणा तळाशी राहतो आणि पुढचे सारे घाव त्याच्यावर पडतात. मिक्सरचा प्रयोग करू नये.

भरडलेला माल आधी बारीक चाळणीने चाळून भुगा वेगळा करावा, मग सुपात पाखडावा. पाखडण्याने टरफलाचे हलके तुकडे जातात, पण सारे जात नाहीत, कारण अर्धे टरफल आणि अख्खा दाणा आकाराने फार वेगळे नसतात. शेवटी ताट घेऊन उजेडात निवडत बसण्याला पर्याय नाही. भिंगाच्या आकाराचा, तपकिरी ठिपक्यांचा दाणा गुळगुळीत दिसतो, तर टरफलाच्या तुकड्याला धार असते आणि तो बोटाला लागतो. बासुंदीत राहिलेला असा एक तुकडा दात दुखावण्यास पुरेसा असतो. निवडतानाच अख्खे दाणे आणि तुकडे वेगवेगळे ठेवावेत. ढोबळमानाने चार ते पाच किलो वाळलेल्या बियांमधून एक किलो चारोळी निघते, आणि हे प्रमाण पाहिले की इतवारीतला भाव फारसा अन्यायाचा वाटत नाही.

आता साठवण. चारोळीच्या दाण्यात साधारण निम्मे तेल आणि पाचव्या भागाच्या आसपास प्रथिने असतात. तेल खवट होण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात हवेतला प्राणवायू तेलातल्या असंपृक्त मेदाम्लांच्या दुहेरी बंधांवर हल्ला करतो, आणि उष्णता व उजेड या क्रियेला वेग देतात. दुसऱ्यात ओलाव्याच्या साहाय्याने दाण्यातलीच विकरे (एन्झाइम) तेलाचे विघटन करतात. अक्रोडाच्या तेलात अनेक दुहेरी बंध असलेली मेदाम्ले फार असतात, म्हणून तो लवकर खवट होतो. चारोळीच्या तेलात एकच दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल सर्वांत अधिक आणि त्याखालोखाल संपृक्त पामिटिक आम्ल असल्याने ती अक्रोडापेक्षा सोशिक आहे, पण नागपूरच्या उन्हाळ्यापुढे तिचा सोशिकपणा फार काळ टिकत नाही. दाणा तुटला, की त्याचा अधिक भाग हवेला उघडा पडतो आणि विकरांची व तेलाची गाठ पडते, त्यामुळे तुकडे नेहमी आधी खवटतात.

यावरून साठवणीचे नियम आपोआप निघतात. चारोळीचे सर्वांत चांगले वेष्टन तिचे स्वतःचे टरफल आहे, म्हणून सारे बी एकदम फोडण्याचा अट्टहास करू नये. वाळलेले अख्खे बी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घरातल्या थंड आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे आणि दोन-तीन महिन्यांच्या गरजेपुरतेच फोडत जावे. फोडलेला दाणा एक-दोन दिवस पंख्याखाली, सावलीत वाळवून काचेच्या लहान बरण्यांत काठोकाठ भरावा, म्हणजे आत हवा थोडी राहते. एक मोठी बरणी रोज उघडण्यापेक्षा चार लहान बऱ्या. पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून हवा आणि ओलावा हळूहळू आत जातच राहतो, त्यामुळे ती पुरेशी नाही. गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर बरणी ठेवू नये, आणि फ्रीजच्या डोक्यावरही ठेवू नये, कारण तेथे ऊब असते. फ्रीजच्या आत चारोळी सहा महिने आणि फ्रीझरमध्ये वर्षभर चांगली राहते. मात्र थंड बरणी बाहेर काढल्याबरोबर उघडली, तर पावसाळी हवेतले पाणी थंड दाण्यांवर दवासारखे साचते; ती बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मग उघडावी.

दाण्यांत भुंगा किंवा जाळी करणारी अळी असल्याचा संशय असल्यास, बरणी उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवली की अंडी व अळ्या मरतात. साठवण्यापूर्वी भाजून ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे, पण भाजलेल्या दाण्यातले तेल न भाजलेल्यापेक्षा लवकर खवटते, त्यामुळे भाजणे वापराच्या वेळीच करावे. बुरशीबाबत मात्र कोणतीही काटकसर करू नये. हिरवट-पिवळी बुरशी धरलेल्या तेलबियांत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकते आणि ते घरगुती भाजण्याने किंवा उकळण्याने नाहीसे होत नाही. त्या बरणीतले चांगले दिसणारे दाणेही टाकून द्यावेत.

खवटपणा ओळखण्यासाठी दोन दाणे तळहातावर चुरडून वास घ्यावा. जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला, किंवा चावल्यावर घशात कडवट चरचर राहिली, तर वेलचीने किंवा तुपात परतण्याने ती झाकली जात नाही. तुकड्यांची बरणी आधी संपवावी. कोजागिरीच्या मसाला दुधापर्यंत ती सहज चालते. अख्ख्या दाण्यांच्या बरणीवर फोडल्याचा महिना लिहून ती फ्रीझरमध्ये ठेवली, तर गुढीपाडव्याच्या श्रीखंडाला ते दाणे वापरता येतात, आणि त्यानंतरही काही उरले असल्यास नवा चार पिकण्याच्या आत संपवावे.